गॅदरिंगला कुठलं गाणं द्यायचं?

दिवाळीची सुट्टी संपली की माझा फोन वाजायला लागतो. सांगलीत विश्रामबागेत माझा डान्स क्लास आहे आणि दरवर्षी तीन-चार शाळांच्या गॅदरिंगचे नाच मी बसवते. एकवीस वर्षं झाली. पालकांचं म्हणणं बहुतेक ठरलेलं असतं, "मॅडम, ते सध्या चाललंय ना, ते गाणं घ्या. आमचं पिल्लू घरी अख्खं करतंय." पिल्लू पहिलीत असतं. गाणं दारूच्या अड्ड्यावरचं असतं.

दुसऱ्यांना शिकवण्याआधी माझंच सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी मीही असंच एक गाणं दुसरीतल्या आठ मुलींना दिलं होतं. गोड दिसतील, एवढंच डोक्यात. पडदा उघडला आणि पहिल्याच कडव्याला मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. विंगेत आल्यावर एकीने विचारलं, "टीचर, आमचं काही चुकलं का? ते काका शिट्ट्या का मारत होते?" मी म्हटलं, "नाही गं, छान झालं म्हणून." पुढच्या आठवड्यात तीच मुलगी क्लासला आली आणि म्हणाली, "टीचर, परत शिट्ट्या येतील असं गाणं घ्या ना."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. टाळी कशाला मिळते ते मुलं बरोबर हेरतात. त्या दिवसापासून मी काही सवयी लावून घेतल्या. तुम्ही शाळेत शिक्षिका असा, सोसायटीच्या गणपतीत मुलांचे कार्यक्रम बसवत असा किंवा नुसतेच आईबाप असा, त्या तुमच्याही उपयोगी पडतील.

गाणं ठरवताना

गाण्याचे शब्द वहीत लिहा आणि चाल न लावता, बातम्या वाचाव्यात तसे मोठ्याने वाचा. हट्ट धरणारी आई असेल तर मी वही तिच्याच हातात देते. दुसऱ्या ओळीला वहिनी हसायला लागतात, तिसऱ्या ओळीला वही परत देतात. वाद घालावाच लागत नाही. एखादी म्हणते, "तिला कुठे अर्थ कळतोय?" खरंय, तिला कळत नाही. हॉलमधल्या चारशे माणसांना कळतो, आणि ती सगळी तिच्याकडेच बघत असतात. "मग नुसतं म्युझिक लावू," हाही उपाय नव्हे. शब्द सगळ्यांना पाठ असतात, ते मनात वाजतातच.

लावणीचं काय, हा प्रश्न आमच्याकडे येतोच. लावणी मला फार आवडते, म्हणूनच सात वर्षांच्या मुलीला शृंगाराची लावणी देत नाही. ती अदा वर्षानुवर्षं घासून येते आणि आपण काय सांगतोय हे करणाऱ्या बाईला पुरतं ठाऊक असतं. मुलीकडून ती करून घेतली तर ना लावणी राहते ना मुलगी. नऊवारी आणि ढोलकी हवीच असेल तर मंगळागौरीचे खेळ घ्या. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा यांना जेवढा दम लागतो तेवढा सिनेमाच्या गाण्याला लागत नाही. लेझीम, कोळीनृत्य, दिंडी, वासुदेव आहेतच. कोळीगीतांतही शब्द वाचून घ्या, सगळीच मुलांची नसतात.

स्टेप बसवताना

गाणं साधं असूनही स्टेप घात करते. माझी कसोटी अशी: मुलीची स्टेप वर्गातल्या मुलाकडून करून घ्यायची. मुलीने केली की "कित्ती गोड" आणि मुलाने केली की सगळे खो खो हसले, तर ती स्टेप काढायची. ती मोठ्या बाईची नक्कल आहे. उडी, गिरकी, टाळी, बसफुगडी दोघांनी केली तरी कुणी हसत नाही.

काढायची म्हणजे नुसती गाळायची नाही, त्या जागी काहीतरी भारी द्यायला हवं, नाहीतर मुलं हिरमुसतात. दोन वर्षांपूर्वी तिसरीतली एक मुलगी रील बघून आली होती. डोळा मारायचा, ओठ दाबायचा, मान तिरकी. मी रागावले नाही. म्हटलं, "आठ मात्रांत हे होतंय, त्याच आठ मात्रांत तुला चक्री मारून खाली बसता येतं का बघू." तिला ते जमायला चार दिवस लागले. नंतर ती डोळा मारायचं विसरूनच गेली.

मुलग्यांबद्दल कुणी बोलत नाही. त्यांना आपण काय देतो? गॉगल, वर केलेली कॉलर, मुलीच्या मागे मागे जायचं, ओढणी ओढायची, ती नाही म्हणाली की मित्रांकडे बघून हसायचं. सात वर्षांचा पोरगा हे टाळ्यांच्या कडकडाटात शिकतो. पुढे कॉलेजात त्याने तेच केलं की आपण कपाळावर हात मारतो. मुलगा-मुलगी एकत्र नाच हवा असेल तर भांडण द्या, शर्यत द्या, आट्यापाट्यांचा डाव द्या. प्रेमीयुगुल नको.

कपडे आणि मेकअप

माझं काही मैत्रिणींशी इथे पटत नाही. त्या म्हणतात, पूर्ण अंगभर कपडे घाला, प्रश्न मिटला. मला ते पटत नाही. चड्डी-बनियन घालून कोलांट्या मारणारी मुलगी हे लहान मूलच असतं, आणि अंगभर साडीतही मुलीला बाई करून टाकता येतं. उलट "झाक, झाक" करत राहिलो तर तिच्या अंगातच काही वाईट आहे असं तिला वाटायला लागतं.

मी एवढंच बघते: ड्रेपरीवाल्याकडून कपडे आले की मुलीला घालून हात वर करायला, उकिडवं बसायला आणि दोन फेऱ्या पळायला सांगते. सारखी ओढून-ताणून नीट करत असेल तर तो ड्रेस परत. मोठ्या बाईचा ब्लाउज पिना मारून लहान केलेला असतो, तो हमखास सरकतो. स्टेजच्या लाइटला पावडर, काजळ, जराशी लाली पुरते. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी एक आई आणि आत कुणाचाही मोबाइल नाही, माझासुद्धा.

व्हिडिओ

नाच संपतो, व्हिडिओ राहतो. चारशे लोकांपुढे झालेलं काम पालकांच्या ग्रुपवर ठीक आहे, पण सगळ्यांना दिसणाऱ्या अकाउंटवर टाकू नका, त्यातून शाळेचं नाव आणि गणवेश दिसत असेल तर मुळीच नको. टाकण्याआधी मुलाला विचारा. सहा वर्षांचं मूलही नाही म्हणू शकतं. इन्स्टाग्रामला वयाची अट १३ आहे, तरी चौथीतल्या मुलींची अकाउंटं मी बघते, आईच उघडून देते. खाली अनोळखी माणसांचे बदाम पडतात आणि आईला ते कौतुक वाटतं. त्यातल्या चार जणांची प्रोफाइल उघडून बघा, मग ठरवा.

टीव्हीवरच्या शोच्या ऑडिशनसाठी तयारी करून द्या, म्हणूनही पालक येतात. त्यांना मी सांगते की सिनेमातल्या मोठ्यांच्या स्टेप लहान मुलांकडून अशोभनीय पद्धतीने करून घेऊ नका, हे सांगायला माहिती व प्रसारण मंत्रालयाला १८ जून २०१९ रोजी वाहिन्यांना पत्र काढावं लागलं होतं. आणि १४ वर्षांखालच्या मुलाला शूटिंगला घेताना निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायची. २०१७ च्या नियमांत हे आहे. हे विचारलंत की समोरचा माणूस कसा आहे ते लगेच कळतं.

घरी

मोबाइल हिसकावून काही होत नाही. यूट्यूबवर मूल काय बघतं त्यावर पुढचं येतं, म्हणून आधी हिस्ट्री पुसा, मग आठवडाभर मुलाबरोबर बसून त्याच्या आवडीचं, किडे, क्रिकेट, मातीची भांडी, जे असेल ते लावा. नको ते आलं की "नॉट इंटरेस्टेड" दाबायला त्यालाच शिकवा. ओटीटीवर १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी लॉकची सोय देणं २०२१ पासून बंधनकारक आहे, ते लॉक लावा आणि पिन जन्मतारीख ठेवू नका, पोरांना ती पहिली सुचते. सिनेमालाही आता यूए ७+, १३+, १६+ असे वेगळे दाखले असतात, तिकीट काढताना तेवढं वाचा.

टीव्हीवर अचानक तसला सीन आला तर रिमोटसाठी झडप घालू नका. शांतपणे चॅनेल बदला आणि एक वाक्य बोला, "हे मोठ्यांचं आहे, तुला काही विचारायचं असेल तर विचार." झडप घातली की मूल ते लक्षात ठेवतं आणि पुढे शोधतं.

आणि पाहुणे. "काय गं, बॉयफ्रेंड कोण तुझा?" हे बालवाडीतल्या मुलीला विचारणारी आत्या प्रत्येक घरात असते. माझ्याही आहे. मी हसत म्हणते, "आत्या, तिला मित्र आहेत सात, आणि एक कासव आहे. कासवाचं विचारा." दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती विचारत नाही. मुलाला कुणाच्या मांडीवर बसायचं नसेल तर बळजबरी करू नका. नमस्कार पुरतो.

एखादं मूल त्याच्या वयाला न शोभणारं बोलू किंवा वागू लागलं, तर ओरडण्याआधी विचारा, "हे कुठे पाहिलंस?" बहुतेकदा उत्तर मोबाइल किंवा मोठा भाऊ असतं. पण कुणी त्याच्याशी तसं वागलं आहे असं वाटलं, तर घरातल्या घरात मिटवू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, ऑनलाइन प्रकार असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, १८ वर्षांखालच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे, आणि माहीत असून न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. हे आम्हा क्लासवाल्यांनाही लागू आहे.

यंदा दुसरीच्या वर्गाला मी धनगरी गजा, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, दिला आहे. सोळा मुलं, आठ मुली आणि आठ मुलगे, सगळ्यांच्या हातात रंगीत रुमाल. एका आईने विचारलं, "मॅडम, यात ग्लॅमर कुठंय?" म्हटलं, तालमीला येऊन बसा. ती आली, आणि घामाघूम झालेल्या लेकीला पाणी पाजून गेली. आता अडलंय ते ढोलावर. रेकॉर्डवर मजा येत नाही आणि खरा ढोल वाजवणारे मामा म्हणतात, पोरं रुमाल चुकवतात, आधी पोरं सरळ करा.