रंगीत प्रतीचा दर ठरवताना

फोंड्यात झेरॉक्सचे दुकान काढले तेव्हा रंगीत प्रतीचा दर मी शेजारच्या दुकानाची पाटी वाचून ठरवला: ए-४ पानाला दहा रुपये, मग त्यावर कोपऱ्यात एवढासा शिक्का असो की पानभर छायाचित्र. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल छापताना हा दर फायद्याचा वाटला, कारण त्यांत रंग असतो तो आलेखांच्या चार रेघांपुरता. पुढे एका जत्रेची गडद तांबड्या पार्श्वभूमीची दोनशे पत्रके त्याच दराने छापून दिली, आणि टोनर, म्हणजे यंत्रातली रंगाची पूड, अपेक्षेच्या कितीतरी आधी संपले.

हिशेब तेव्हा कुठे नीट मांडला. समजा, एका रंगाचे टोनर ६,००० रुपयांना येते आणि खोक्यावर १२,००० पाने लिहिली आहेत; म्हणजे पानाला ५० पैसे, निळा, किरमिजी, पिवळा व काळा मिळून २ रुपये. मात्र खोक्यावरचा आकडा सहसा प्रत्येक रंगाने पानाचा सुमारे ५ टक्के भाग व्यापला असे धरून काढलेला असतो. गडद पत्रकावर प्रत्येक रंग सरासरी ४० टक्के पसरला, तर त्याच २ रुपयांचे १६ होतात, आणि कागद, ड्रम व फ्युजर हे यंत्राचे झिजणारे भाग, वीज, भाडे यांचा खर्च त्यावर वेगळा.

यंत्र मीटरच्या करारावर, म्हणजे छापलेल्या पानांच्या मोजणीनुसार पैसे देण्याच्या बोलीवर घेतल्यास टोनरची चिंता कमी होते, पण करार वाचण्याचा कंटाळा करू नये. ए-३ पान दोन पानांइतके मोजले जाते का, खराब निघालेली पाने वजा होतात का, हे सहीपूर्वी विचारावे. अहवालातल्या एका निळ्या दुव्यामुळेही अख्खे पान रंगीत म्हणून मोजले जाऊ शकते. म्हणून काळी पाने मी वेगळी काढून छापतो. ग्राहकाला त्यात पाच मिनिटे थांबावे लागते, पण बिल कमी होते हे कळल्यावर तो कुरकुरत नाही.

पावसाळ्याचा खर्च मात्र कोणत्याही करारात नसतो. आपल्याकडच्या दमट हवेत उघडे राहिलेले रीम ओल धरते, कागद अडकतो, जाड आर्ट पेपरवर रंग नीट बसत नाही. जून ते सप्टेंबर वाया जाणारी पाने मी वहीत टिपतो आणि त्यांचा खर्च दरात धरतो.

आता पाटीवर तीन दर आहेत: थोडा रंग, अर्धे पान, पूर्ण पान. मोठ्या कामाला आधी एक नमुना प्रत काढून दाखवतो आणि मगच भाव सांगतो.