डोंगरवाटेवरची झाडे आणि प्राणी कसे ओळखावे

फोटो काढायचा, ॲपला दाखवायचा आणि यादीतले पहिले नाव खरे मानायचे, ही सवय आता सगळ्यांनाच लागली आहे. नावे चुकतात ती बहुतेक इथेच. झाडाची ओळख फुलाच्या रंगापेक्षा पानांच्या मांडणीत आणि पानाच्या पाठीवर जास्त सापडते, आणि नेमका तोच भाग फोटोत नसतो. तेव्हा आधी नोंद, मग नाव.

सोबत दहा पट मोठे दाखवणारे भिंग, 15 सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल ठेवा (ओल्या कागदावर शाई पसरते). पक्ष्यांसाठी 8×42 दुर्बीण (आठ पट मोठे दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर) पुरेशी आहे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचे आणि पान त्याच्यासमोर साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायचे. भिंग हात लांब करून पानावर धरले, तर फार थोडा भाग दिसतो आणि भिंगालाच दोष दिला जातो.

1. आधी जागा लिहा

उंची, उताराची दिशा, जमीन ओलसर की कातळ, सावली किती. हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याशी दिसलेल्या झाडासारखेच काही माथ्याजवळ दिसले तर ती वेगळी जात असण्याची शक्यता धरून चाला. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार जास्त तापतो आणि लवकर सुकतो; एकाच उंचीवर डोंगराच्या दोन बाजूंना वेगळी झाडी असते ती यामुळेच.

2. झाड पानापासून वाचा

फांदीवर पाने समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एकाच पेरावर तीन-चार मिळून वर्तुळात? या एका प्रश्नात निम्मे पर्याय गळतात. मात्र फांदीच्या टोकाला पाने दाटीने येतात आणि फसवतात, म्हणून मधला भाग पाहा.

दुसरा प्रश्न : हे एक पान आहे की संयुक्त पानाची (एकाच देठावर अनेक छोटी पाने असलेल्या पानाची) एक पर्णिका, म्हणजे त्यातले एक छोटे पान? खऱ्या पानाच्या बगलेत (देठ फांदीला जुळतो त्या कोनात) कळी किंवा डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत नसतो. नवशिके सर्वात जास्त इथे चुकतात. पर्णिकेलाच पान समजले की पुढचा सगळा शोध भलत्याच कुळात सुरू होतो.

मग खोड बोटांत फिरवा. चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने असतील, तर तुळशीच्या कुळाची शक्यता मोठी; पण तेवढ्यावर शिक्का मारू नका, असे खोड इतर कुळांतही आढळते. चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब व दोन आखूड, ही मोहरीच्या कुळाची खूण. सूर्यफुलाच्या कुळात जे एक फूल वाटते तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. एका बिंदूतून निघालेल्या काड्यांवर छत्रीसारखी पांढरी फुले दिसली, तर ती गाजराच्या कुळातली असू शकतात. या कुळात अत्यंत विषारी वनस्पती आहेत आणि त्या खाण्याजोग्या जातींसारख्याच दिसतात. ओळख कितीही पक्की वाटली, तरी रानातले काही तोंडात घालू नका.

फोटो पाच हवेत : पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पाठ, पान फांदीला जुळते ती जागा, आणि फूल किंवा फळ समोरून व बाजूने. निदान एका फोटोत पट्टी असू द्या.

3. प्राणी-पक्षी

पक्षी थांबत नाही, म्हणून पाहण्याचा क्रम ठरलेला हवा : आकारमान (चिमणी, साळुंकी की कावळ्याएवढा), चोच, शेपटी, हालचाल आणि शेवटी रंग. आकाश पाठीमागे असले की रंगीत पक्षीही काळाच दिसतो.

सस्तन प्राणी स्वतः क्वचित दिसतात, ठसे मात्र दिसतात. मांजरकुळाच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. कुत्रा-कोल्ह्याच्या ठशात नखे बहुधा दिसतात. मऊ चिखलात बोटे फाकतात, कडा ढासळतात आणि छोट्या प्राण्याचा ठसा मोठ्याचा वाटतो. म्हणून माप उतरत्या कडेचे न घेता खाली सपाट तळाचे घ्या. एकाच ठशावर निर्णय नको, ओळीतले तीन-चार मोजा.

सापाच्या डोक्याच्या त्रिकोणी आकारावरून विषारी-बिनविषारी ठरवू नका. कित्येक बिनविषारी साप घाबरले की डोके चपटे करतात, आणि नागाच्या कुळातल्या विषारी सापांचे डोके त्रिकोणी नसते. लांबूनच फोटो घ्या आणि त्याला वाट द्या.

4. नाव तपासा

आता ॲप उघडा. आलेल्या नावाला तीन प्रश्न विचारा : ही जात या प्रदेशात आढळते का, या उंचीवर आढळते का, आणि या ऋतूत तिला फूल येते का? एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर मिळतीजुळती जात शोधा. रोपट्याची पाने मोठ्या झाडापेक्षा वेगळी असू शकतात, तिथे ॲप हमखास गोंधळते. खात्री कुळापुरतीच असेल तर कुळच लिहा; चुकीच्या जातीपेक्षा ती नोंद जास्त उपयोगी.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर व ॲपवर टाकलेली नोंद इतर जाणकारही तपासतात. धोक्यातल्या अनेक जातींचे नेमके ठिकाण तिथे आपोआप धूसर होते. घरट्यासाठी किंवा दुर्मीळ ऑर्किडसाठी मात्र ठिकाण धूसर करण्याचा पर्याय स्वतः निवडा, आणि ठिकाण ओळखू येईल असा खडक किंवा पाटी फोटोत येऊ देऊ नका.