पस्तिशीनंतरचं पहिलं बाळंतपण: प्रसूतीपूर्व वर्ग दोघांनी मिळून कसा करावा

सहावा महिना लागला की नाव घाला. आधी ओटीभरण होऊ दे, मग माहेरी जाऊन बघू, असं करत राहिलं की वर्ग हुकतो. पस्तिशीनंतर बीपी किंवा साखर वाढण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यामुळे डॉक्टरांना प्रसूती तारखेच्या आधी करावी लागू शकते. म्हणून शेवटचा तास ३४व्या आठवड्याच्या आत झालेला बरा. माझं पहिलं मूल ३९व्या वर्षी झालं, मिस्टर तेव्हा ४४चे होते. त्यानंतर उशिरा दिवस गेलेल्या अकरा जोडप्यांच्या सोबतीला मी कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या वर्गांत बसले आहे.

वर्ग ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. नवऱ्याला बसू देता का? चटईवर सराव करून घेता की नुसतं व्याख्यान असतं? सीझरनंतरची काळजी आणि अंगावर पाजणं शिकवता का? गर्भसंस्काराचे श्लोक आणि संगीत जरूर ऐका, मन शांत होतं. पण कळा सोसायची तयारी तेवढ्याने होत नाही. अमुक खाल्लं की मुलगाच होतो असं कोणी सुचवलं, तर तिथूनच मागे फिरा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा आहे आणि अजूनही असली माणसं दुकान मांडून बसली आहेत, याचा मला मनापासून राग येतो.

पहिल्या दिवशी फाईल सोबत न्या आणि शिकवणाऱ्या बाईंना दाखवा. वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर काही व्यायाम तुम्हाला चालणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. २४ ते २८ आठवड्यांमधली साखरेची तपासणी राहिली असेल तर आधी ती उरका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते.

वर्गात बाकीच्या मुली पंचविशीच्या असतात. मला एकीच्या आईने विचारलं होतं, "लेकीबरोबर आलाय व्हय?" फार लागलं होतं ते. "आमचंच पहिलं आहे," एवढं सांगा आणि पुढच्या चटईवर बसा. मागे बसलं की हात कुठे ठेवायचा ते दिसत नाही.

सगळ्यात वाईट सल्ला घरातूनच येतो: "वय झालंय, सीझरच होणार बघ. क्लास कशाला लावतीयास?" नुसत्या वयावरून सीझर ठरत नाही. आणि ठरलं, तरी दिलेल्या तारखेच्या आधी कळा सुरू होऊ शकतात. पाठीत इंजेक्शन घेताना स्थिर बसायला श्वासच कामी येतो. टाके असताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं कसं, हेही आधी शिकलेलं बरं. नवव्या महिन्यात दुधातून तूप घेतलं की बाळ सटकन बाहेर येतं, हे खोटं आहे. तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेत नाही.

आता श्वास. गाडं इथेच अडतं.

आम्ही वर्गाच्या आठही तासांना बसलो. मिस्टरांनी सगळं वहीत नीट उतरवून घेतलं. घरी मात्र एकदाही करून पाहिलं नाही. रात्री अडीचला कळा सुरू झाल्या. कळ आली की मी दात आवळून श्वास कोंडायची, खांदे कानाला टेकायचे. मिस्टर पाणी आणायचे, "धीर धर" म्हणायचे आणि गप्प उभे राहायचे. सकाळी दवाखान्यात सिस्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ताई, आधी श्वास सोडा." तोवर सहा तास मी अंग आवळून धरलं होतं आणि त्यातच थकून गेले होते. वहीत सगळं होतं, अंगात काही मुरलं नव्हतं.

म्हणून रोज रात्री दहा मिनिटं सराव, सुट्टी नाही. तिने मुठीत बर्फाचा खडा धरायचा, नवऱ्याने घड्याळ. जोरातली कळ साधारण मिनिटभर राहते, म्हणून मिनिटभरच. पहिल्यांदा नुसता बर्फ धरा आणि अंग कुठे कुठे आवळतं ते बघा. कोणाचा जबडा, कोणाचे खांदे, कोणाच्या पायाची बोटं. दोन मिनिटं थांबून हात बदला. आता नाकाने चार आकडे होईपर्यंत श्वास घ्या आणि तोंडाने सात-आठ आकडे होईपर्यंत सोडा. बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा, चहा काठावरून सांडणार नाही इतका हळू. सगळं लक्ष सोडण्यावर ठेवा, घेतलेला श्वास आपोआप नीट होतो. असं चार-पाच वेळा. काही ठिकाणी भराभर धापा टाकायला शिकवतात. त्याने बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. मी सोबत असले की कोणाला ते करू देत नाही.

आकडे नवऱ्याने मोजायचे, मोठ्याने आणि संथ. तिचा श्वास त्याच्या आवाजामागून चालतो, आवाज घाईला आला की श्वासही घाईला येतो. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना याचा संकोच वाटतो. ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारा माणूस बायकोसमोर बसून एक-दोन-तीन म्हणायला लाजतो, त्यात बाहेर आईवडील टीव्ही बघत असतात. दार लावून घ्या. आठवडाभरात संकोच जातो, हे मी अकराही घरांत पाहिलं आहे.

मग दाब. तिने गुडघ्यांवर बसून पलंगावर ओणवं व्हायचं. त्याने कमरेखालच्या सपाट हाडावर मनगटाजवळचा तळहात टेकवून, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्यायचा. कळ चढली की दाबायचं, उतरली की सोडायचं. जोर किती, ते तिने सांगायचं. नुसत्या मनगटाने दाबाल तर अर्ध्या तासात हात भरून येतील, आणि पहिलटकरणीच्या कळा तासन्‌तास चालतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या वयाला जड जाते. आई सत्तरीची, गुडघे धरलेले. ती रात्रभर उभी कशी राहणार? नवऱ्याने तिथे जाऊन राहावं. दवाखान्यात आत कोणाला सोडतात ते महिनाभर आधी विचारा. काही ठिकाणी फक्त बाईमाणूस चालतं. तसं असेल तर बहिणीला किंवा वहिनीला शेवटच्या दोन तासांना वर्गात न्या आणि तिच्याकडूनही दाब देऊन घ्या.

पाजण्याचा तास चुकवू नका. सीझर झालं तर बाळ काखेखाली धरून पाजायचं असतं, ते उशीवर करून बघा.

३६व्या आठवड्यात घरापासून दवाखान्यापर्यंत एकदा रात्री गाडीने जाऊन या. तारीख विसर्जनाच्या आसपास असेल तर महाद्वार रोडची वाट धरूच नका. जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि घर चिखली-आंबेवाडीकडे असेल, तर पंचगंगेचं पाणी चढायच्या आत शहरात नातेवाइकांकडे मुक्कामाला या. २०१९ आणि २०२१चा पूर आपण पाहिला आहे. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. पाणमोट फुटली, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळा मोजत बसू नका. डॉक्टरांना फोन करा आणि तसेच निघा; गाडी नसेल तर १०८ लावा.