योनाचे पुस्तक भाष्याच्या आधारे कसे अभ्यासावे

पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वाचकाने बायबलच्या जुन्या करारातील योनाचे पुस्तक हाती घ्यावे. त्याचे चार अध्याय, एकूण ४८ वचने, एका बैठकीत वाचून होतात. भाष्य उघडण्यापूर्वी मूळ पुस्तक दोनदा, शक्यतो मोठ्याने, वाचावे आणि पडलेले प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. हा क्रम उलटला, तर भाष्यकाराचे मतच आपल्याला वचनात दिसू लागते, आणि ही हानी मला फार मोठी वाटते.

त्यानंतर भाष्याची प्रस्तावना व मग एकेका वचनावरील विवेचन वाचावे. मूळ हिब्रू शब्दांची चर्चा करणारे भाष्य मिळाले, तर उत्तमच. देवाची आज्ञा टाळून पळणारा संदेष्टा योना याफो बंदराला उतरतो, तारवात उतरतो, तारवाच्या तळाशी उतरून झोपी जातो, आणि दुसऱ्या अध्यायात पर्वतांच्या पायथ्यापर्यंत उतरल्याचे स्वतःच सांगतो. या चारही ठिकाणी हिब्रूत एकच क्रियापद आहे, आणि ते भाषांतरात सहज हरवते. तसेच योनाला गिळणारा मुळात केवळ ‘मोठा मासा’ आहे, देवमासा नव्हे.

हे पुस्तक इतिहास की दृष्टान्तकथा, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. म्हणून निराळ्या परंपरांतील दोन भाष्ये शेजारी ठेवावीत आणि जुन्या करारातीलच २ राजे या पुस्तकात (अध्याय १४, वचन २५) आलेला योनाचा उल्लेख कोण कसा हाताळतो, ते वहीत समोरासमोर टिपावे.