सातबाऱ्याच्या घरानं गल्ल्यावर कसं बसावं

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात हळद पिकवणारी घरं गल्लोगल्ली आहेत. तीच हळद दळून स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकणारी मात्र फार थोडी. कारण विचारलं की सगळे भांडवलाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. ट्रॅक्टरचे हप्ते फेडणाऱ्या घराला दळायचं यंत्र झेपत नाही असं कसं होईल? "आपण मराठ्याची माणसं, तागडी धरून बसायचं व्हय?" खरी अडचण या एका वाक्यात आहे. आमच्या घरात ते सासऱ्यांनी म्हटलं, चुलत सासऱ्यांनी म्हटलं, माझ्या माहेरीही म्हटलं गेलं. मी आणि जाऊबाई आज हळद-मसाल्याची गिरणी चालवतो. आमच्यासारख्या शेतकरी घरांसाठी हे लिहिते आहे.

कोणी कमीपणाची भाषा काढली तर त्यांना जोतीराव फुल्यांची आठवण द्या. माळ्याचं घर, फुलांच्या धंद्यावरून आडनाव पडलेलं, आणि स्वतः जोतीराव पुण्यात बांधकामाचे ठेकेदार होते. शाळा, सत्यशोधक समाज आणि धंदा एकाच माणसानं केलं. शेतकरी जातीला धंदा नवा नाही, आपण मध्येच कुठेतरी तो सोडून दिला.

पहिलं काम घरात बसून करायचं, बँकेत नंतर. जमीन कोणाकोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर नीट बघा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचाही मुलाइतकाच हक्क आहे. म्हणून नणंदांना न विचारता सगळ्यांची जमीन एकाच्या धंद्याला तारण ठेवू नका. धंद्याचं भागीदारी पत्र वेगळं करा आणि फर्मची नोंदणी करा. भावाभावांत कशाला कागद, असं म्हणणारे भेटतील. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला बुडालेल्या पैशासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, एवढं त्यांना सांगा. ज्या सुना काम करणार त्यांची नावं पत्रात हवीत आणि दर महिन्याला पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात. शेतात बाईचं राबणं हिशेबात धरलंच जात नाही. ती सवय गिरणीत आणली तर धंदा फायद्यात आहे की बाईच्या फुकट कष्टावर चाललाय, हे कधीच कळणार नाही.

आता हिशेब, आणि इथं मी जरा थांबणार आहे. शेतकरी घराचा धंदा "माल तर घरचाच आहे" या समजुतीनं बुडतो. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची शिजवून, वाळवून एक क्विंटल हळकुंडं होतात. त्यात काढणीची मजुरी, कुकरचं जळण, वाळवताना रोज पसरायचं-गोळा करायचं काम, पॉलिशचा ड्रम हे सगळं आलं. हळकुंडं गिरणीत आली की त्या दिवशी सांगलीच्या सौद्यात जो भाव निघाला, त्याच भावानं गिरणीच्या वहीत खरेदी म्हणून लिहा. शेताची वही वेगळी. आमच्याकडे शेताची वही मोठे दीर लिहितात, गिरणीची जाऊबाई. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पोतं फुटत नाही. दळताना किती घट आली तेही तारखेसकट लिहायचं. पाकिटाची किंमत यातून ठरते, शेजारच्या दुकानातलं पाकीट बघून नाही. प्राप्तिकरासाठीही ही वही लागते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही, पण दळून-पाकीट करून झालेला नफा धंद्याचा आहे, आणि तो काढताना घरच्या हळदीची बाजारभावानं वजावट मिळते.

कर्जाकडे जाताना जात पुन्हा पुढं येते, या वेळी दाखल्यावर. मराठा असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. कर्ज बँकच देते आणि हप्ता वेळेवर भरला तर व्याज परत मिळतं. पण पात्रता प्रमाणपत्र कर्ज मंजूर व्हायच्या आधी ऑनलाइन काढायचं, ते नंतर चालत नाही. कुणबी दाखला काढला असेल तर तुम्ही इतर मागासवर्गात गेलात, मग ओबीसी महामंडळाचं दार. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या खर्चाच्या 25 टक्के अनुदान आणि स्वतःचे 10 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि कोणत्याही जातीच्या बाईला 35 टक्के, स्वतःचे 5. म्हणून घरोघरी बायकोच्या नावानं अर्ज जातात. जाऊ देत, पण मग चेकवर सहीही तिचीच हवी. अन्नप्रक्रियेसाठीच्या केंद्राच्या योजनेत जात न बघता 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, मिळतात. या योजना सध्या चालू आहेत का हे आधी बँकेत आणि कृषी कार्यालयात विचारा.

परवान्यांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. अन्नपदार्थाची नोंदणी, पाकिटावरचा पूर्ण मजकूर आणि शिक्का मारलेला वजनकाटा, हे सुरुवातीला हवंच. मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकत असाल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

गल्ल्यावर कोणाला बसवायचं हे नीट ठरवा. आमचे मामा, म्हणजे सासरे, सुरुवातीला बसायचे. पाहुणा आला की पाकीट काढून हातात द्यायचे आणि पैशाचं नाव निघालं की मान वळवायचे. पाहुण्याकडून पैसे घेणं त्यांच्या रक्तातच नाही. अडत्याच्या पेढीवर उलटं असतं. त्याचा सख्खा भाचा आला तरी आधी चोपडीत नाव पडतं, मग चहा येतो. ही रीत त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण ती शिकायची, त्यासाठी त्याला नावं ठेवायची गरज नाही. आता जाऊबाई बसतात. भावकीलाही उधारी लिहूनच मिळते, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की पुढचा माल बंद.

ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला गावात उधारीवर माल मिळतो, बँकेत साहेब खुर्ची देतो. बौद्ध वस्तीतली आमच्यापेक्षा चांगला मसाला करणारी बाई आडनाव सांगते आणि गिऱ्हाईक पाकीट खाली ठेवतं. हे मी बाजारात डोळ्यांनी पाहिलंय. कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं चहा प्यायला जात, कारण पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणं हीच खरी मदत होती. ते आपल्याही हातात आहे. त्या बाईंचा कांदा-लसूण मसाला आमच्या दुकानात त्यांच्याच नावानं, दर्शनी फळीवर असतो. पॅकिंगला सगळ्या वस्त्यांतल्या बायका आहेत, माठ एकच आणि तांब्याही एकच. पहिल्या आठवड्यात दोघी घरून बाटली आणू लागल्या, तेव्हा त्यांच्यासमोर त्याच तांब्यानं मी पाणी प्याले आणि ज्यांना चालणार नाही त्यांनी दुसरीकडे काम बघावं असं सांगितलं. एक गेली, एक राहिली.

हळदीची काढणी जानेवारीच्या आसपास सुरू होते. भागीदारी पत्र, दाखले आणि प्रकल्प अहवाल दिवाळीच्या आत बँकेत पोचले पाहिजेत, म्हणजे सौद्यात आवक वाढून भाव उतरेल तेव्हा निम्मा माल तरी घरी दळायला ठेवता येईल.