हरणांच्या रानात नर-मादीचा तोल कसा राखावा

टेक्सासमध्ये ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. रानातली हरणं कायद्याने राज्यातल्या जनतेची, पण चरतात ती कुणाच्या तरी कुंपणाआत. त्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम जमीनमालकाकडेच येतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळपास संपला. म्हणून आपल्यापैकी कुणी तिकडे रान घेतलं की ‘माद्या मारा’ हा सल्ला ऐकून आधी दचकायलाच होतं. पण हिल कंट्रीतले, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागातले, लांडगे केव्हाच संपले आहेत आणि कळप वाढत गेला तर सगळ्यात आधी रान उपाशी पडतं. हा लेख तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहे.

आधी झाडं बघा

नर किती, माद्या किती हे नंतर. आधी ओकच्या झाडांखाली उभे राहा. साधारण चार-पाच फुटांपर्यंत सगळा पाला साफ आणि त्याच्या वर हिरवागार, अशी कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर हरणं रानाला झेपण्यापलीकडे गेली आहेत. व्हाइटटेल पाला, कोवळे कोंब आणि रानटी झुडपं-वेलींवर जगतं, नुसत्या गवतावर नाही. त्यामुळे पायाशी भरपूर गवत असूनही ते उपाशी राहू शकतं.

इथे आपल्या ओळखीचा एक प्राणी आडवा येतो. चितळ टेक्सासमध्ये १९३२ मध्ये आणले गेले आणि पुढे मोकळे झाले. तिथे त्यांना ॲक्सिस म्हणतात. पाला संपला की चितळ गवतावर भागवतो, व्हाइटटेलला ते जमत नाही. रानात चितळ असतील तर तेही मोजा आणि कमी करायची सुरुवात त्यांच्यापासून करा. त्यांना शिकारीचा बंद हंगाम नाही. परवाना मात्र लागतोच.

मग मोजणी

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला. नरांची शिंगं पूर्ण वाढलेली असतात आणि पाडसं आईमागे फिरू लागलेली असतात. दर १०० एकरांना एक ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावा. मका टाकून आधी काही दिवस हरणांना जागेची सवय होऊ द्या, मग सलग १४ दिवस फोटो घ्या. तुमच्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मका टाकायला बंदी आहे का, हे आधी पाहून घ्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग आहे आणि एका जागी गर्दी झाली की तो पसरायला वाव मिळतो.

समजा, ३०० एकरांवर नरांचे २०० फोटो आले. शिंगांच्या ठेवणीवरून नर एकेक ओळखता येतो. फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर वेगवेगळे नर १० निघाले. १० भागिले २००, म्हणजे ०.०५. माद्या अशा एकेक ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांच्या फोटोंना हाच आकडा लावायचा. माद्यांचे ६०० फोटो, म्हणजे ३० माद्या. पाडसांचे २४०, म्हणजे १२ पाडसं. एका नरामागे तीन माद्या आणि दहा माद्यांमागे चार पाडसं. हा अंदाजच आहे, कारण दांडगे नर मक्यावरून इतरांना हुसकावतात आणि पाडसं फोटोत कमी येतात. पण दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजलं तर कल नीट कळतो.

‘आमच्याकडे एका नरामागे पंधरा माद्या आहेत’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाडसांत नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे जन्मतात, त्यामुळे दरवर्षी नवे नर येतच राहतात. प्रौढ हरणांत एकास पाचच्या पुढे प्रमाण सहसा जात नाही.

तोल कशासाठी

मादी माजावर येते ती जेमतेम दीड दिवस. तेवढ्यात नर मिळाला नाही तर साधारण २८ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. माद्या फार असल्या की हंगाम लांबतो, नर आठवडेच्या आठवडे धावून खंगतात आणि पाडसंही उशिरा जन्मतात. गर्भकाळ साधारण २०० दिवसांचा असतो. एक महिना उशिरा जन्मलेलं पाडस ऐन उन्हाळ्यात सापडतं, तेव्हा आईलाच धड पाला मिळत नसतो.

किती आणि कोणत्या माद्या

वरच्या उदाहरणात ६ मादी पाडसं आणि ६ नर पाडसं कळपात वाढतील. १२ माद्या आणि २ वयस्क नर काढले, म्हणजे मारले, तर पुढच्या वर्षी ढोबळमानाने २४ माद्या आणि १४ नर उरतात. एकाच हंगामात प्रमाण तीनावरून दोनाच्या खाली येतं. काम माद्यांनी होतं, नरांच्या मागे लागून नाही.

काउंटीनुसार नियम बदलतात. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्रॅममध्ये नाव घातलं तर तुमच्या रानापुरते टॅग, म्हणजे ठरावीक हरणं मारायची परवानगी, मिळतात आणि हंगामही जास्त दिवस चालतो. माद्या लवकर काढा, म्हणजे उरलेल्यांना हिवाळाभर पाला पुरतो.

घाई मात्र नको. एकटं, बिनधास्त पुढे येणारं लहान हरीण बहुधा त्या वर्षीचा नर असतो. दुर्बिणीतून डोकं पाहा. मादीचं कपाळ दोन्ही कानांच्या मध्ये गोलसर असतं, लहान नराचं सपाट, आणि शिंग उगवायच्या जागी केसांखाली बारीक गुंड्या दिसतात. दोन-तीन हरणं एकत्र उभी राहीपर्यंत थांबलात तर उंचीचा आणि तोंडाच्या लांबीचा फरक चटकन कळतो.

नरांचं काय

तरुण नर सोडून द्या, एवढंच. टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांमध्ये मारायच्या नराच्या दोन शिंगांमधली आतली रुंदी किमान १३ इंच हवी असा नियम आहे. सावध हरणाच्या ताठ कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, ती खूण धरा. निदान एका बाजूचं शिंग बिनफाट्याचं असेल तर तो नरही मारायला चालतो.

‘वाईट शिंगांचे’ नर मारून जात सुधारते, ही समजूत टाकून द्या. दक्षिण टेक्सासमध्ये कोमांची रँचवर हे वर्षानुवर्षं करून पाहिलं गेलं, पण शिंगांत सुधारणा दिसली नाही. मोकळ्या रानात वीण बऱ्याच नरांत वाटली जाते. कधीकधी जुळ्या पाडसांचे बापही वेगळे असतात.

शेजाऱ्यांशी बोलून घ्या, ते फार महत्त्वाचं. वर्ष-दीड वर्षाच्या नरांपैकी निम्म्याहून जास्त जन्मस्थान सोडून काही मैलांवर जातात. तुम्ही राखलेला नर शेजारी मारणार असेल तर तुमची मेहनत वाया जाते.

काढलेल्या प्रत्येक हरणाचं वजन आणि खालचा जबडा नोंदवून ठेवा. पुढून तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असतील तर हरीण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान, दोनच असतील तर सहसा त्याहून मोठं. दीड वर्षाच्या माद्यांचं वजन वर्षागणिक वाढत असेल तर रान सावरतंय. तेच राहिलं किंवा उतरलं तर पुढच्या हंगामात काढायच्या माद्यांचा आकडा वाढवा.