अनेक लेनच्या वर्तुळाकार चौकातून गाडी सुरक्षित कशी न्यावी

पुण्यातले स्वारगेटचा जेधे चौक किंवा अलका टॉकीजजवळचा टिळक चौक यांसारखे मोठे चौक सिग्नलवर चालतात, त्यामुळे कोणी थांबायचे आणि कोणी निघायचे हे दिवसा आपल्याला ठरवावे लागत नाही. परंतु रात्री पिवळा दिवा लुकलुकू लागला किंवा वीज गेली, की तोच निर्णय प्रत्येक चालकाच्या हाती येतो. मधोमध गोल बेट असलेल्या, सिग्नल नसलेल्या चौकांत तर तो कायमच चालकाच्या हाती असतो. अशा चौकातले बहुतेक निर्णय आत शिरण्यापूर्वी घ्यायचे असतात, आणि गोंधळ होतो तो ते आत शिरल्यावर घेतल्याने.

पहिली पायरी : लेन आधीच निवडा.

चौकाच्या साधारण शंभर मीटर अलीकडे आपल्याला कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे आहे ते निश्चित करा. डावीकडच्या पहिल्याच रस्त्याला वळायचे असेल तर डावी लेन धरून डावा इंडिकेटर द्यावा. सरळ जायचे असेल तर डाव्या किंवा मधल्या लेनमध्ये राहावे आणि शिरताना इंडिकेटर देऊ नये. उजवीकडे जायचे असेल किंवा पूर्ण वळसा घालून परत फिरायचे असेल तर उजवी लेन घेऊन उजवा इंडिकेटर द्यावा. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर तेच प्रमाण मानावेत.

दुसरी पायरी : आतल्या वाहनाला आधी जाऊ द्या.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे बेटाभोवतीची वाहतूक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि आत असलेले वाहन नेहमी आपल्या उजवीकडून येते. त्याला वाट देणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी गर्दीच्या वेळी नव्याने शिरणाऱ्या गाड्या आतल्यांची वाट अडवत आणि सगळे वर्तुळ जागच्या जागी गोठून जाई. 1966 मध्ये आतल्यांना प्राधान्य देण्याचा नियम तेथे लागू झाल्यावर ही कोंडी सुटली. आपल्याकडे संध्याकाळी नेमके हेच घडते : प्रत्येक जण दोन फूट पुढे सरकतो आणि ज्यांना बाहेर पडायचे असते त्यांचीच वाट बंद होते.

उजवीकडे पाहताना एक गोष्ट आवर्जून करावी. मोटारीत समोरची काच आणि उजवा दरवाजा यांच्यामधल्या खांबाआड एक अख्खी दुचाकी, तिच्यावरच्या दोन माणसांसह, दिसेनाशी होऊ शकते. आपली गाडी आणि ती दुचाकी अशा वेगाने चालत असतील, की ती सतत त्या खांबाच्याच आड राहील, तर नुसते डोळे फिरवून ती दिसणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी पाठ सीटवरून उचलून थोडे पुढे झुका, पुन्हा मागे या आणि मगच क्लच सोडा.

तिसरी पायरी : बाहेर पडायची वेळ येईपर्यंत आत लेन बदलू नका.

वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास ठेवावा. ब्रेक वळणात नव्हे, तर शिरण्यापूर्वीच लावावा; दुचाकीस्वारांनी हे विशेष जपावे, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, रंगवलेले पट्टे आणि ड्रेनेजची झाकणे या तिन्हींवरून चाक निसटते.

पीएमपीची बस किंवा ट्रक शेजारी असेल तर त्याच्या बरोबरीने फिरू नये. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात. बेटाभोवती फिरताना ती बेटाच्या बाजूला सरकतात आणि बाहेर पडताना डाव्या कडेला, म्हणून उजवीकडची फट आणि डावीकडची फट या दोन्ही मोकळ्या दिसत असल्या तरी मोकळ्या नसतात. बसच्या मागे राहावे आणि तिला निघून जाऊ द्यावे.

चौथी पायरी : बाहेर पडणे.

अनेक लेनच्या चौकातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे, असे माझे मत आहे. बेटालगतच्या लेनमधून थेट डावीकडे कट मारणारी गाडी बाहेरच्या लेनमधल्या दुचाकीला आडवी जाते. त्यामुळे आपल्याला ज्या रस्त्याने बाहेर पडायचे आहे त्याच्या अलीकडचा रस्ता मागे पडताच डावा इंडिकेटर द्या, डावा आरसा पाहा, मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा पाहा आणि मग एकेक लेन ओलांडत बाहेर या. दुचाकीचे आरसे आत दुमडून ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी.

जागा मिळाली नाही किंवा रस्ता चुकला, तर न थांबता आणि मागे न घेता आणखी एक फेरी मारावी. फेरीला अर्धा मिनिट लागतो. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तरी वर्तुळात गाडी उभी करू नये. जवळच्या रस्त्याने बाहेर पडून डावीकडे थांबावे.

बाहेर पडताना वेग वाढवण्याची घाई करू नये, कारण झेब्रा पट्टे तिथेच असतात, आणि पादचाऱ्याला आपण वळणार की पुढे जाणार हे फक्त आपल्या इंडिकेटरवरूनच कळते. नव्याने शिकणाऱ्यांनी रविवारी सकाळी सातच्या आत एखादा ओळखीचा चौक निवडून आधी डावी, मग सरळ, मग उजवी अशा फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक वेळी डावा इंडिकेटर नेमका कुठे दिला, हे शेजारी बसलेल्याला मोठ्याने सांगावे.